खुंटीवर टांगलेला पंप

पंप धुवायला तिनं एक हंडा पाणी वेगळं काढून ठेवलं होतं. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. धारूर तालुक्यात बालाघाटच्या उतारावर वसलेलं गाव, घरासमोर शेणानं सारवलेलं अंगण. कपाशीची पहिली वेचणी ओसरीत पांढऱ्या ढिगासारखी पडलेली. अंगणाच्या कडेला, बाभळीखाली, निळ्या प्लास्टिकचा फवारणीचा पंप उलटा करून ठेवलेला होता. तिनं झाकण काढलं, आतली जाळी बोटानं उचलून दगडावर आपटली. जाळीच्या भोकांत पिवळसर चिकट थर होता. टाकीच्या तळाशी कपभर द्रावण उरलं होतं. ते तिनं दोन पावलं जाऊन कुंपणाच्या कडेला ओतलं, परत आली आणि हाताला काही न घालता कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

"हातमोजे?" मी विचारलं.

"आलते की पंपासंगं. पहिल्याच सालात फाटले, ताई."

फवारणी नवऱ्यानं केली होती. धुणं मात्र तिच्याकडं. मी त्या महिन्यात ज्या सात-आठ घरांत बसले, त्यातल्या बहुतेक घरांत ही वाटणी अशीच होती. पाठीवर पंप गड्याच्या, पाणी आणायचं बाईनं, पंप धुवायचा बाईनं आणि फवारणीचे कपडेही बाईनंच. फवारणीवर किती लिहिलं जातं, किती बोललं जातं. कृषी विभागाची पत्रकं, दुकानदाराचे सल्ले, कंपन्यांच्या जाहिराती, सगळं काय फवारायचं आणि किती फवारायचं यावर. फवारून झाल्यावर त्या पंपाचं काय होतं, हा विषय अंगणातल्या बाभळीखाली तसाच राहतो.

टाकी, बॅटरी आणि तुषार

खरं तर संपादकांनी मला वेगळ्याच कामाला पाठवलं होतं. यंदाच्या अंकाचं सूत्र 'वापरलं, पण टाकलं नाही' असं होतं, आणि त्यांच्या मनात होती शहरातली ई-सिगारेट ओढणारी मुलं. ही मुलं वापरलेले सुटे भाग धुवून, पुसून, डबीत घालून पुढच्यासाठी ठेवतात, ते जाऊन बघ, असं त्यांचं म्हणणं. मी पुण्यात दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. पण १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि त्यामागोमाग आलेल्या कायद्यानं देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळं बोलायला कुणी पुढं आलं नाही, आणि बंदी असलेली, मुलांना निकोटिनच्या नादी लावणारी वस्तू नीट कशी जपावी हे सांगण्यात मलाही रस वाटेना.

त्या चौकशीतून एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. ई-सिगारेटची रचना अगदी साधी. द्रव भरायची एक टाकी. एक बॅटरी. द्रवाचे बारीक तुषार करणारा एक भाग. आणि ओठांत धरायचं टोक. द्रवात निकोटिन.

मग गावी, बीडला आले. एसटीतून उतरल्या उतरल्या समोरून एक गडी पाठीवर पंप घेऊन चालला होता. टाकी, बॅटरी, तुषार करणारं नोझल. आणि टाकीत काय, असं विचारल्यावर त्यानं खिशातून बाटली काढून दाखवली. इमिडाक्लोप्रिड. कपाशीवरचे मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरात असलेलं कीटकनाशक. ते ज्या गटात मोडतं त्या गटाचं नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे निकोटिनसारखंच, पण नवं. अॅसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम हीसुद्धा त्याच घरातली.

हे नातं नुसतं नावापुरतं नाही. मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलिन नावाचं एक द्रव्य असतं, आणि ते ज्या कुलपाला किल्लीसारखं लागतं, त्याच कुलपात निकोटिनही बसतं. निओनिकोटिनॉइड किडीच्या शरीरातलं तेच कुलूप अडकवून धरतात. कीड आधी थरथरते, मग लुळी पडते. माणसाच्या कुलपात ते तितके घट्ट बसत नाहीत, म्हणून जुन्या जहाल औषधांपेक्षा हे बरे मानले गेले. आपले आजे-पणजे तंबाखूचा काढा करून भाजीवर, मिरचीवर शिंपायचे, त्यामागंही हीच गोष्ट होती. निकोटिन सल्फेट नावाचं कीटकनाशक एके काळी बाजारात मिळायचं. ते माणसाला फार घातक, कातडीतूनही शरीरात शिरतं, म्हणून आज देशात ते वापरायला बंदी आहे.

म्हणून मी संपादकांना कळवलं की विषय तोच ठेवते, फक्त जागा बदलते. वापरलेली टाकी, वापरलेली बॅटरी, वापरलेलं नोझल. धुवायचं कसं आणि पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचं कसं. बीड जिल्ह्यात हा प्रश्न इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त टोकदार आहे, कारण इथं दिवाळीच्या सुमारास हजारो घरांना कुलूप लागतं.

ओठाला लावलेलं नोझल

ई-सिगारेटचं टोक मुद्दाम ओठांत धरायचं असतं. फवारणीचं नोझल ओठांत धरायचं नसतं, तरी ते जातं.

गेवराईकडच्या एका रानात मी हे अगदी हातभर अंतरावरून पाहिलं. कपाशी छातीएवढी. तिशीतला पोरगा दोन ओळींमधून चालला होता. दांडीच्या टोकाला फवाऱ्याचा गोल शंकू, भोवऱ्यासारखा फिरत पानांवर पडणारा. मध्येच शंकू मोडला आणि एकाच बाजूनं धार सुटली. नोझल चोंदलं. त्यानं उजव्या हातानं ट्रिगर सोडला, डाव्या हातानं नोझल फिरवून काढलं, आतली चकती तळहातावर झटकली, नोझल तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. मग थुंकला, शर्टाच्या बाहीला ओठ पुसले, नोझल बसवलं आणि चालू लागला. या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी त्याला थांबवून विचारलं. तो काही बेफिकीर माणूस नव्हता. नाकाला उपरणं बांधलेलं, लांब बाह्यांचा शर्ट घातलेला, वाऱ्याकडं पाठ करून फवारत होता. "फुंकल्याबिगर निघतंय कसं मग?" हा त्याचा प्रश्न खरा होता. रानात ब्रश नव्हता, जादा पाणी नव्हतं, आणि दिवसभरात एकरभर उरकायचं होतं. वाढलेल्या कपाशीला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. सोळा लिटरची टाकी धरली तर बारा-तेरा टाक्या, आणि दर वेळी पाठीवर वीस किलोहून जास्त वजन. त्यात नोझल तीनदा चोंदलं तर माणूस काय करील?

फुंकणार नसतील ते काटा घालतात. बाभळीचा नाही तर हिवराचा काटा, कधी सेफ्टी पिन. नोझलचं भोक बारीक सुईच्या टोकाएवढं आणि ठरवून पाडलेलं असतं. काट्यानं ते मोठं होतं, वेडंवाकडं होतं. मग त्याच वेळात त्यातून जास्त औषध जातं, थेंब जाड पडतो, पानावरून घरंगळून मातीत जातो. शेतकऱ्याला वाटतं फवारा जोरात यायला लागला. पैसा मात्र मातीत जात असतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो कुठल्याही शिबिरात मोठ्यानं सांगितला जात नाही. घरात जुने टूथब्रश असतातच. त्यातला एक सुतळीनं पंपाच्या पट्ट्यालाच बांधून टाकायचा. नोझल चोंदलं की पाण्यात बुडवून ब्रशनं घासायचं. आणि एक जादा नोझल, धुवून सुकवलेलं, खिशात. एक चोंदलं तर दुसरं लावायचं, पहिलं घरी गेल्यावर धुवायचं. माजलगावकडच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्या बप्पांनी मला त्यांची डबी दाखवली. कधी काळी चुन्याची असावी. तीत चार नोझल, तीन चकत्या, सहा रबरी वायसर, सगळे स्वच्छ, कोरडे, पुरचुंडीत बांधलेले. सगळे वापरलेले. "नव्याची गरजच पडत न्हाई," म्हणाले. नोझल कधी बदलायचं हेही त्यांना माहीत होतं. एका मिनिटात नव्या नोझलमधून किती पाणी येतं ते एकदा मापानं मोजून ठेवलेलं, दरवर्षी जून महिन्यात परत मोजायचं, आणि चांगलंच जास्त यायला लागलं की ते नोझल फेकायचं. शाळा चौथीपर्यंत.

एक हंडा पाणी

पंप धुवायचा म्हणजे तीन वेळा धुवायचा. ही तीनची संख्या कुणी उगाच काढलेली नाही. टाकीच्या कडांना, तळाला, नळीत, मोटारीच्या पडद्यात, दांडीत, सगळीकडं मिळून काही द्रावण चिकटून राहतंच. पहिल्या धुण्यात ते पातळ होतं, दुसऱ्यात त्याहून पातळ, तिसऱ्यात नगण्य. एकदम पंधरा लिटर ओतून एकदा हलवण्यापेक्षा पाच-पाच लिटरनं तीनदा धुतलं तर टाकी कितीतरी पटीनं स्वच्छ होते. पाणी तेवढंच लागतं. एक हंडा.

पण नुसती टाकी खळबळून चालत नाही. दर वेळी बटण दाबून ते पाणी मोटारीतून, नळीतून, दांडीतून बाहेर काढावं लागतं. नोझल काढून ठेवायचं, ट्रिगर दाबून धरायचा, धार सोडायची. शेवटी टाकी रिकामी झाल्यावर काही क्षण मोटार चालवून नळीतलं पाणी झटकायचं, पण जास्त वेळ नाही, कोरडी मोटार गरम होते. बहुतेक घरांत टाकी धुतली जाते आणि नळीत कालचं औषध तसंच राहतं. मी बघितलेल्या त्या पहिल्या अंगणातही तेच झालं.

आणि धुतलेलं पाणी कुठं टाकायचं? १९७१ च्या कीटकनाशक नियमांमध्ये याचा स्वतंत्र उल्लेख आहे. रिकामे डबे, उरलेलं औषध आणि धुतलेलं पाणी, तिन्हींची विल्हेवाट पाणी किंवा परिसर दूषित होणार नाही अशी लावावी, ही जबाबदारी त्या नियमांनी वापरणाऱ्यावरही टाकली आहे. हे नियम ज्या १९६८ च्या कायद्याखाली झाले त्याच्या मुळाशीही साठवणुकीचीच एक चूक होती. १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाल्ल्यानं शंभराहून अधिक माणसं दगावली. धान्य आणि विष एकाच वाहतुकीत, शेजारी-शेजारी आले होते. बीडच्या खेड्यांत आजही पंप ज्वारीच्या कोठीला टेकून ठेवलेला दिसतो, तेव्हा मला ती घटना आठवते आणि अंगावर काटा येतो.

धुतलेलं पाणी त्याच रानात, ज्या पिकावर फवारलं त्याच्याच कडेला फवारून टाकणं सगळ्यात बरं. म्हणजे पंप घरी आणून धुवायचाच नाही, रानातच धुवायचा. विहिरीपासून, ओढ्यापासून, जनावरांच्या हौदापासून लांब. ऐकायला सोपं आहे. पण रानात पाणी कुठं आहे? बीड हा पाण्याला घाबरून जगणारा जिल्हा. याच जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं मांजरा धरण २०१६ साली कोरडं पडलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी ऑगस्टमध्येच औषध कालवायलासुद्धा पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. हंडा डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर आलेल्या बाईला, त्यातलं पाणी पंप धुण्यात घाल, हे सांगायला जीभ रेटत नाही. तरी सांगावं लागतं, कारण न धुतलेला पंप दुसऱ्या दिवशी तिच्याच हातात येतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, वेगवेगळी औषधं एकत्र कालवण्याची सवय आणि बारीक तुषार सोडणारे नवे बॅटरीवरचे पंप, या सगळ्यांची चर्चा झाली. चर्चा झाली ती फवारणाऱ्याची. पण औषध सर्वांत दाट असतं ते कालवताना, आणि मळलेल्या पंपाला, मळलेल्या कपड्यांना उघडे हात लागतात ते धुताना. हे धुण्याचं काम करणारी माणसं रानात नसतात, अंगणात असतात. त्यांना चक्कर आली तर ऊन लागलं म्हणतात, उपास घडला म्हणतात.

पंजासारखी पानं

पंप न धुतल्याची शिक्षा शरीराला मिळते ती दिसत नाही. पिकाला मिळते ती मात्र आठवड्यात दिसते.

वडवणीजवळ एका बांधावर मला ती दिसली. कपाशीच्या शेंड्याची पानं अरुंद, लांब, शिरा जवळ-जवळ ओढल्यासारख्या, मिटत आलेल्या पंजासारखी. वाढ थांबलेली. शेतकऱ्याला वाटलं व्हायरस आला, त्यानं आणखी दोन फवारण्या केल्या. तो व्हायरस नव्हता. जून महिन्यात त्याच पंपानं शेजाऱ्याच्या उसात २,४-डी फवारलं होतं. हे तणनाशक रुंद पानांच्या तणांसाठी. उसाला, ज्वारीला, गव्हाला त्याचं फारसं काही होत नाही, पण कपाशी त्याच्या थेंबभरानंही बिघडते. टाकीच्या प्लास्टिकला, रबरी नळीला ते धरून बसतं. साध्या पाण्यानं तीनदा धुतलं तरी राहतं. त्यासाठी धुण्याचा सोडा किंवा साबणाचं पाणी टाकी भरून रात्रभर ठेवायचं, नळीत आणि दांडीतही भरून ठेवायचं, सकाळी सोडून द्यायचं आणि मग साध्या पाण्यानं पुन्हा धुवायचं.

खरा उपाय दोन पंप. एक तणनाशकाचा, एक कीटकनाशकाचा, आणि दोघांची अदलाबदल कधीच नाही. ज्यांच्याकडं आहेत त्यांनी तणनाशकाच्या पंपावर तांबड्या तेलरंगानं फुली मारून ठेवलेली मी पाहिली. पण गावात पंप उसना जातो. एका पंपावर चार घरं चालतात. मागच्यानं त्यात काय भरलं होतं हे पुढच्याला माहीत नसतं आणि विचारणं कमीपणाचं वाटतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठीच्या विशेष योजनेतून शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंप दिले, त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत झाली. ज्यांना मिळाला त्यांचा उसनवारीचा प्रश्न सुटला. पंपासोबत तो कसा धुवायचा हेही मोठ्या अक्षरात, चित्रांसह, मराठीत द्यायला हवं होतं. ज्या घरांत तो पंप मी पाहिला, तिथं कागद असला तर तो यंत्राच्या भागांचा होता, धुण्याचा नव्हता.

वायसरला पावडर

केजच्या बाजारात एका गल्लीत फवारणी पंप दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. आठ बाय दहाचं दुकान, छताला टांगलेल्या नळ्या, फळीवर तेलाचे रिकामे डबे ओळीनं. दुकानात शिरताच वास येतो. न धुतलेल्या पंपांचा वास, तिखट, घशाला लागणारा.

"धुवून आणा म्हणतो मी लोकांना. ऐकत न्हाईत. मोटार उघडली की औषध माझ्या तोंडावर उडतंय."

त्यानं माझ्यासमोर एक मोटार उघडली. चार स्क्रू, वरचं झाकण, त्याखाली रबराचा पडदा आणि त्यात तीन छोट्या झडपा. मोटार फिरली की हा पडदा वर-खाली होतो आणि पाणी ओढतो, ढकलतो. पडद्यावर पांढरी पापडी जमलेली. बुरशीनाशकाची भुकटी आणि विद्राव्य खत, ज्याला गावात 'एकोणीस-एकोणीस' म्हणतात, यांचे थर सुकून दगडासारखे झाले होते. गेल्या वर्षी शेवटच्या फवारणीनंतर पंप तसाच ठेवला, यंदा बटण दाबलं तर मोटार नुसती घूंऽऽ करून थांबली. मालकाला वाटलं मोटार जळाली. ती जळाली नव्हती. त्यानं पडदा कोमट पाण्यात भिजत घातला, अर्ध्या तासानं ब्रशनं पापडी सोडवली, झडपांच्या खालून दाभणानं नाही, कापडाच्या कडेनं पुसलं, परत बसवलं. मोटार चालू.

मला जास्त आवडले ते त्याचे डबे. मोडक्या पंपातून निघालेला चांगला भाग तो टाकत नाही. ट्रिगर एका डब्यात, झाकणं दुसऱ्यात, बटणं, चार्जिंगच्या पिना, नळीचे जोड, मोटारी. प्रत्येक भाग आधी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला, मग धुतलेला, हवेच्या पंपानं फुंकून कोरडा केलेला. रबरी वायसर मात्र वेगळ्या डबीत, आणि त्यांवर लहान मुलांची अंगाची पावडर भुरभुरलेली. तेल का नाही, विचारलं. "तेलानं रबर फुगतंय. फुगलेला वायसर बसत न्हाई. पावडर मारली की चिकटत न्हाई, तडकत बी न्हाई." ज्याला नवा भाग परवडत नाही त्याला तो हे अर्ध्या किमतीत देतो. मोटारीचा जुना पडदा मात्र देत नाही. पडदा बाहेरून चांगला दिसतो आणि पाठीवर फुटतो.

जुन्या बॅटऱ्यांचा कोपरा वेगळा. पंपाला पुरत नाही इतकी थकलेली बॅटरी कुणी रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनला वापरतं, कुणी गोठ्यातल्या दिव्याला. त्यालाही पुरेनाशी झाली की शिशासाठी भंगारात. ती फोडून शिसं घरी वितळवणारे लोक असतात, त्या धुराचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भयंकर असतो. हा दुकानदार बॅटरी फोडू देत नाही. आख्खी वजनावर घेतो, आख्खी पुढं पाठवतो.

"दरसाल सगळ्यात जास्त काय खराब होतंय?" मी विचारलं.

"बॅटरी. अन् ती बी उसाला जाणाऱ्यांची."

बंद घरातली बॅटरी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पेंढी, कोंबड्या, लेकरं. परत यायचं ते गुढीपाडव्याच्या पुढं-मागं, कधी त्याहून उशिरा. पाच-सहा महिने घर बंद. ज्यांची म्हातारी माणसं मागं राहतात त्यांच्या घरी चूल पेटते, बाकी कुलूप.

त्या कुलपाआड पंप टांगलेला असतो. आत बारा व्होल्टची शिशाची बंद बॅटरी. ती वापरा किंवा वापरू नका, आपोआप थोडी-थोडी उतरत राहते. थंड हवेत महिन्याला तीन ते पाच टक्के. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हा वेग दुपटीच्या पुढं जातो. पूर्ण भरून ठेवली असेल तर ती सहा महिने कशीबशी तग धरते. पण शेवटची फवारणी करून, निम्म्याहून जास्त उतरलेली, तशीच टांगली तर? शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. ताजे असताना ते चार्जिंगनं विरघळतात. महिनोन्महिने राहिले की मोठे आणि टणक होतात, मग विरघळतच नाहीत. जून महिन्यात चार्जरचा दिवा लगेच हिरवा होतो, माणूस खूश होतो आणि दोन टाक्यांत पंप बंद पडतो. नवी बॅटरी म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, तीही पेरणीच्या तोंडावर, उचल खर्च होऊन गेलेली असताना.

काही नव्या पंपांत लिथियमची बॅटरी असते, तीच जात जी ई-सिगारेटमध्ये आणि मोबाइलमध्येही. तिचा कायदा उलटा. ती पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवली तर थकते, पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. निम्मी भरून, थंड जागी ठेवायची. आपल्या पंपात कोणती आहे हे घरातल्यांना माहीत नसतं. वजनावरून ओळखता येतं. शिशाची जड, लिथियमची हलकी.

अंबाजोगाईच्या बाजूला एका तांड्यावर मला एका आजीची युक्ती बघायला मिळाली. घरातली तिन्ही लेकरं, सुना सगळे उसाला जातात. आजी मागं. तीन पंपांची जबाबदारी तिच्यावर. व्होल्ट, टक्के हे तिला ठाऊक नाही. मुलानं तिला एवढंच सांगितलंय की अमावस्या आली की प्रत्येक पंपाला एक रात्र पिन लावायची. दिनदर्शिकेवरच्या काळ्या गोलावर ती हळदीच्या बोटानं ठिपका देते. पाच अमावस्या, पाच ठिपके. तिन्ही बॅटऱ्यांचा हा चौथा पावसाळा आहे.

निघायची रात्र

धारूरच्या त्या पहिल्या घरी मी पुन्हा गेले ते त्यांच्या निघण्याच्या संध्याकाळी. या वेळी पंप रानातच धुतला होता, ओढ्यापासून लांब, बांधावर. तिच्या हातांना दुधाच्या जाड पिशव्या बांधलेल्या होत्या, मनगटाशी रबर लावून. रात्रभर सोड्याचं पाणी भरून ठेवलं होतं, कारण मधल्या काळात शेजाऱ्यानं पंप उसना नेला होता आणि त्यानं काय भरलं ते सांगितलं नव्हतं. नळीला वाकडी घडी पडू नये म्हणून ती गोल गुंडाळून सुतळीनं सैल बांधली. नोझल, चकती, जाळी वेगळ्या डबीत. उंदीर नळी कुरतडतात म्हणून पंप खाली न ठेवता खुंटीवर, आणि खुंटी धान्याच्या खोलीत नको म्हणून गोठ्याच्या भिंतीला, म्हाताऱ्या सासूच्या झोपायच्या जागेपासून लांब, लेकरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. औषधाच्या तीन अर्धवट बाटल्या कुलूप लावलेल्या पत्र्याच्या पेटीत, चिठ्ठ्या न फाडता.

ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहिला. ट्रॉलीत पेंढ्यांवर गोधड्या पडल्या, धाकटं पोरगं आधीच वर चढून बसलं. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. नवरा निघता निघता परत फिरला, गोठ्यात गेला, पंपाचं घट्ट लावलेलं झाकण अर्धं सैल केलं. आतली ओल वाळायला पाहिजे, नाही तर वास धरतो. मग चार्जर सासूच्या हातात दिला.

"आत्या, आमावस्येला," सून म्हणाली.

"कोणच्या?"

"दर आमावस्येला. पहिली दिवाळीचीच."

म्हातारीनं चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळली आणि कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या चंचीशेजारी ठेवायला गेली. सुनेनं ती तिथून काढून देवळीत ठेवली.